खाटेजवळचे दोन तास

शाळा उघडायच्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत पुस्तकांचे गठ्ठे बांधणारी, ते डोक्यावरून टेम्पोपर्यंत नेणारी पोरं बघा; त्यांतली कितीतरी पुण्याची नसतात. कुणी वेल्ह्याचा, कुणी मुळशीतल्या वाडीवरचा, कुणी भोरच्या पलीकडचा. तपकीर गल्लीत वायरी मोजून देणारे, तुळशीबागेत भांडी मांडणारे, लक्ष्मी रस्त्यावर दिवसभर साड्यांच्या घड्या घालणारे, यांचंही तसंच. बुधवार पेठ शहराच्या मध्यावर असली तरी तिच्या दुकानांत राबणाऱ्यांचे आईबाप डोंगरात राहतात. ते आजारी पडले की पुण्याच्या दवाखान्यात येतात आणि दवाखान्याचं काम संपलं की परत डोंगरात जातात. त्यापुढचं सगळं घरात होतं, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. मला लिहायचंय ते या पुढच्या दिवसांबद्दल.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. पेठेत लहानथोर मला सिस्टरच म्हणतात. निवृत्तीनंतर आमच्या गणेश मंडळाचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र माझ्याकडे आलं. मंडपाचं सामान ठेवायच्या खोलीतच एका भिंतीला चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, पाठीकडून वर होणारे लोखंडी पलंग, एअर बेड आणि त्यांचे पंप. अनामत भरायची, वस्तू न्यायची, गरज संपली की धुऊन-पुसून परत आणायची. भाडं नाही. अशी केंद्रं महाराष्ट्रात अनेक गावांत आहेत आणि ती चालवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

वस्तू देताना मी वहीत नोंद करते. नाव, पत्ता, वस्तू, अनामत. पत्त्याच्या रकान्यात पानशेतकडची, वेल्ह्याकडची, मुठा खोऱ्यातली गावं वाढत गेली, तसं एक लक्षात यायला लागलं. गावी गेलेले एअर बेड परत यायचे ते काही वेळा न वापरताच. पंपाचा आवाज येतो, आजोबांना झोप लागत नाही, म्हणून गुंडाळून माळ्यावर ठेवलेले. वीज गेली की गादी बसते, म्हणून काढून टाकलेले. काही घरांत एअर बेडवर जाड गोधडी, तिच्यावर प्लॅस्टिक, त्यावर आणखी सतरंजी. इतकं वर घातलं की त्या गादीचा उपयोग शून्य. वस्तू पोचली होती, ती कशी वापरायची हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून वस्तूबरोबर माणूस पाठवायचं ठरलं. पहिल्यांदा मीच जाऊ लागले. वहीतही एक रकाना वाढवला. रुग्णाच्या नावापुढे ‘बघणारं माणूस’. मुलगा अनामत भरायला येतो, पावती त्याच्या नावाची होते. पण घरी कोण बघतं असं विचारलं की उत्तर येतं, आई बघते, वहिनी बघते, बायको बघते. तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचत गेलं की बायकांचीच नावं. मधेच एखादा म्हातारा नवरा, एखादा शाळा सोडलेला नातू.

वेल्हे तालुक्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, तोरण्याच्या अंगाला एका वाडीवर गेले होते, त्या घराचं सांगते. पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाच्या वडिलांची उजवी बाजू लकव्याने गेलेली. तोंडातून शब्द फुटत नव्हता. रुग्णालयातून सोडताना फाइल दिली, गोळ्या दिल्या, नाकातल्या नळीतून पातळ खाणं कसं घालायचं ते घाईत सांगितलं, आणि ते सांगितलं मुलाला. मुलगा चार दिवसांनी कामावर परत आला. घरी राहिली त्याची आई आणि थोरली भावजय. वडील पडवीत, जमिनीवर अंथरुणात. भावजय त्यांना एकटीने कुशीवर वळवत होती, काखेत हात घालून, ओढून. तिचं मनगट सुजलं होतं, कंबर धरली होती. भावाच्या मुलीच्या लग्नाला ती गेली नव्हती. ती हे सांगत होती तेव्हा तक्रारीचा सूर नव्हता. घरात माणूस पडून आहे तर कसं जाणार, एवढंच.

त्या दुपारी आम्ही आधी खाट शोधली. शेजारच्या घरातून आली. चार पायांखाली विटा ठेवून ती कमरेच्या उंचीला आणली. रुग्ण जमिनीवर असला की बघणाऱ्याचा कणा दिवसातून दहादा वाकतो आणि वर्षभरात घरात दोन रुग्ण होतात; खाट उंच करायला एक पैसा लागत नाही. मग जुनं नऊवारी लुगडं मागितलं. सुती, मऊ, धुऊन धुऊन झिजलेलं, तरी लांबीला आणि ताकदीला भक्कम. त्याची चौपदरी घडी आजोबांच्या खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली सरकवली. दोघींनी दोन बाजूंनी घडीच्या कडा मुठीत धरायच्या, एक-दोन-तीन म्हणायचं आणि लुगड्यासकट माणूस उचलून वर घ्यायचा किंवा कुशीवर करायचा. कातडी चादरीवर घासत नाही, काखेत ओढ बसत नाही, लकव्याने ढिला झालेला खांदा निसटत नाही. रुग्णालयात आम्ही यासाठी वेगळी चादर वापरायचो. लुगडं तिच्यापेक्षा चांगलं, कारण त्याला कडा आहे, हात धरतो.

पाठीच्या जखमा, ज्यांना सगळे आता बेडसोअर म्हणतात, त्या एका दिवसात होत नाहीत, पण सुरू व्हायला काही तास पुरतात. माकडहाड, खुब्याचं हाड, टाचा, घोटे, खांद्याचं पातं. जिथे हाड कातडीच्या जवळ आहे तिथे अंगाचा भार पडून रक्त पोचत नाही आणि आतलं मांस मरायला लागतं. वरून दिसतं ते शेवटी. गोऱ्या कातडीवर लाल डाग दिसतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तो दिसेलच असं नाही. म्हणून हाताने बघायचं. ती जागा भोवतालपेक्षा गरम लागते का, घट्ट लागते का, रंग काळपट-जांभळट झालाय का. तशी जागा सापडली तर तिला चोळायचं नाही. स्पिरिट लावून खसाखसा चोळणं ही जुनी सवय अजून घरोघरी आहे, तिने आतली इजा वाढते. त्या जागेवरचा भार काढायचा, बस. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा उशीच्या बाहेर अधांतरी ठेवायच्या, दोन गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी द्यायची. मधे भोक असलेली रबरी चकती पुष्कळ जण विकत घेतात. ती नको, तिच्या कडेने भोवतालचं रक्त अडतं.

दोन तास कसे मोजायचे? त्या घरात सासूला घड्याळ वाचता येत नव्हतं. मला गडचिरोलीचा एक शोध आठवला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने लहान बाळाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी गावातल्या सुईणींना एक साधन दिलं होतं, साठपर्यंत मोजता न येणाऱ्या बाईलाही वापरता येईल असं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा; वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला तर बाळाला औषधाची गरज आहे. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या हातात बसेल असं साधन शोधायचं, हे मी त्यातून घेतलं. त्या पडवीत दोन खुंट्या होत्या, खाटेच्या उजव्या आणि डाव्या अंगाला. लाल चिंधी ज्या खुंटीवर, त्या कुशीवर आजोबा. वेळ ठरवली ती गावाच्या खुणांवर: दुधाची गाडी, सकाळची एसटी, शाळेची मधली सुट्टी, गुरं परतायची वेळ. रात्रीसाठी मोबाइलचा गजर. भावजय म्हणाली, चिंधी डोळ्यांसमोर असली की सासूबाईंनाही कळतं, मला एकटीला लक्षात ठेवावं लागत नाही. ती असं म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं, कारण कामाचा अर्धा शीण लक्षात ठेवण्यातच असतो.

भरवण्याबद्दल थोडक्यात. आडवं झोपवून कधीच नाही. पाठीला उशा देऊन बसतं करायचं, निदान डोक्याकडची बाजू चांगली वर. नळीतून घालतानाही तसंच, आणि झाल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं. तोंडाने घेणाऱ्याला लकव्यानंतर पाणी सगळ्यांत धोक्याचं, ते भसकन घशात जातं. त्यापेक्षा दाटसर पेज, आंबील, दाट केलेलं दूध बरं, तेही डॉक्टरांनी गिळणं तपासून तोंडाने द्यायला सांगितलं असेल तरच. ठसका लागला, आवाज ओला झाला की थांबायचं. लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगायची, खाटेवर ठेवायची नाही. तोंड दिवसातून दोनदा मऊ फडक्याने पुसायचं. एवढ्या गोष्टी कळल्या तर घरात पडून असलेल्या माणसाचे निम्मे हाल वाचतात, असं मी नोकरीतल्या अनुभवावरून सांगते.

पण हे सगळं शिकवून झाल्यावरही प्रश्न राहतोच. त्या भावजयीला सगळं आलं, तरी करणार ती एकटीच. शिकलेली बाई म्हणजे आणखी जबाबदारीची बाई, असंच घर धरून चालतं.

माझ्या सासूबाई आमच्या वाड्यातल्या दोन खोल्यांत कित्येक वर्षं अंथरुणावर होत्या. मी कामावर जात होते तरी खचले नाही, याचं कारण मला पक्कं माहीत आहे. समोरच्या खोलीतल्या काकू रोज दुपारी स्वेटर विणायला म्हणून आमच्याकडे येऊन बसायच्या आणि मला म्हणायच्या, जा तू, तुळशीबागेत फिरून ये. त्यांना सासूबाईंचं पाणी, कूस, भांडं सगळं माहीत होतं. त्या दोन तासांत मी काही वेळा रामाच्या देवळाच्या पायरीवर नुसती बसून असे. वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती झाल्या, दारं बंद झाली. गावात दारं उघडीच आहेत, पण दारात बसणारं माणूस चाकणला, पिरंगुटला, आमच्या पेठेत कामाला गेलंय. बघणाऱ्या माणसाला आधार द्या असं सगळेच म्हणतात. माझ्या मते त्या आधाराचं माप एकच आहे: आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी जाणतं माणूस खाटेजवळ दोन तास बसतं का, आणि बघणारी त्या वेळात घराबाहेर पडते का? बाकी सगळं यानंतर.

हे जाणतं माणूस कुठून आणायचं? आमच्या पेठेकडे बघितलं तर उत्तर फार लांब नाही. भिडेवाड्यात १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्चला, हे आमच्या कार्यकर्त्यांना सांगावं लागतं. भाऊसाहेब रंगारी, ज्यांच्या वाड्यात १८९२ साली सार्वजनिक गणपती बसला, ते वैद्य होते. ज्या घरात उत्सव ठरला त्याच घरात रुग्ण येत होते. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि परिचारिकेचं काम हलकं समजलं जात होतं त्या काळात बायकांना ससूनमध्ये ते शिकायला पाठवलं. उत्सव, शिक्षण आणि रुग्णसेवा या भागात पूर्वीपासून त्याच माणसांच्या हाती राहिलेत.

आणि न शिकलेल्या माणसालाही हे शिकवता येतं, याचा पुरावा हवा असेल तर जामखेड आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले. गावोगावी राहायला शिकलेल्या परिचारिका तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावांनाच विचारलं, तुमची बाई द्या. ज्या आल्या त्यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, राहायच्या, एकत्र जेवायच्या, शिकायच्या आणि परत जाऊन गावात शिकवायच्या. पुरुषांना गोळा करायला डॉ. आरोळ्यांनी भाषण दिलं नाही, व्हॉलीबॉल आणला. वेगवेगळ्या जातींची पोरं जाळ्याच्या दोन बाजूंना उभी राहिली, त्यातून तरुण शेतकरी मंडळं झाली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये गावोगावच्या ‘आशा’ सेविकांची योजना सुरू झाली, तिच्यामागच्या विचाराचं एक मोठं मूळ जामखेडात आहे. मला त्यातलं व्हॉलीबॉलचं सगळ्यांत मोलाचं वाटतं. लोक आधी एकत्र येतात, काम नंतर सापडतं. आमच्याकडे तर एकत्र येणं आयतंच आहे.

केरळने हेच आणखी पुढे नेलं. कोळिकोडला १९९३ साली कॅन्सरच्या वेदनेवर उपचार करणारं छोटं केंद्र सुरू झालं. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या माणसांचं जाळं उभं राहिलं. दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी. त्यांचं प्रशिक्षण सोळा तासांचं, त्यानंतर परिचारिकेबरोबर चार वेळा घरभेटी. पैसा कुठून? दुकानांत ठेवलेल्या डब्यांतून, लोकांच्या रोजच्या चिल्लर मदतीतून. २००८ मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं, वेदना हलकी करणाऱ्या सेवेचं, धोरण जाहीर केलं, म्हणजे आधी लोक, मग सरकार. हे मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा खजिनदार म्हणाले, सिस्टर, डबा आणि पावतीपुस्तक आम्हाला शिकवायला नको. खरंच नको. वर्गणी गोळा करणं, रात्रभर जागणं, दोरी धरून लाखाच्या गर्दीतून म्हातारीला वाट काढून देणं हे आमच्या मुलांना येतं. कमी होतं ते फक्त खाटेजवळचं ज्ञान.

ते द्यायला आम्ही मुलांचं प्रशिक्षण सुरू केलं. त्याचा पहिला धडा म्हणजे स्वतः रुग्ण व्हायचं. ढोलपथकातला एक आडदांड मुलगा मी खाटेवर झोपवला. उजवा हात ओढणीने अंगाशी बांधला, तोंडाला पट्टी, बोलायचं नाही. बाकीच्यांना सांगितलं, याची काळजी घ्या. पाच मिनिटांत एक जण त्याला पांघरूण घालत होता, दुसरा पाय दाबत होता, तिसरा पंखा वाढवत होता. तो डाव्या हाताने काहीतरी दाखवत होता, डोळे मोठे करत होता. कुणालाच कळलं नाही. पट्टी काढल्यावर म्हणाला, पाठीखाली चादरीची वळी आलीये, टोचतीये, केव्हापासून सांगतोय. सगळे गप्प झाले. त्यानंतर त्या मुलांना मी शिकवलं ते असं: खाटेजवळ गेल्यावर आधी रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, नाव घेऊन हाक मारा, होय-नाहीची खूण ठरवून घ्या. पापणी एकदा मिटली तर होय. मग एक एक विचारा. पाणी? पाठ? भांडं? ऊन? लुगड्याने उचलायचं, बसतं करायचं, भरवायचं हे पुढच्या रविवारी.

काय करायचं नाही हेही तितकंच शिकवावं लागतं. गोळी द्यायची नाही, नळी बदलायची नाही, जखम उघडायची नाही. ते परिचारिकेचं आणि डॉक्टरांचं काम. बरे व्हाल असा खोटा धीर द्यायचा नाही. घरात दिसलेलं, ऐकलेलं पारावर बोलायचं नाही. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि एकदा पसरली की ते घर पुन्हा दार उघडत नाही. बाईरुग्णाचं अंग पुसायला बाईच हवी. म्हणून पोरांइतक्याच पोरी आणि गावातल्या बचत गटाच्या बायका तयार कराव्या लागल्या, आणि खरं सांगायचं तर त्याच जास्त टिकल्या.

गावात शिकवायला वेगळा कार्यक्रम ठेवला तर कुणी येत नाही. आजारपणाच्या नावाने कोण जमणार? म्हणून गावाच्या कार्यक्रमात शिरायचं. हरिनाम सप्ताहात संध्याकाळी हरिपाठाआधी मोकळा वेळ असतो, माणसं जमलेली असतात. मंडपातच खाट आणायची, एखाद्या टाळकऱ्याला झोपवायचं, लुगड्याने उचलून दाखवायचं. बुवांनी दोन शब्द सांगितले तर माझ्या शंभर शब्दांपेक्षा जास्त वजन पडतं. संक्रांतीला बघणाऱ्या बायकांना एकत्र बोलवतो. सुरुवातीपासून एक धरलं, की हे हळदीकुंकू नव्हे, तिळगुळाचा कार्यक्रम आहे आणि सगळ्यांचा आहे. कारण ज्या बाईने तीन वर्षं नवऱ्याचं अंथरूण काढलं, तीच त्याच्या मागे कुंकवाच्या कार्यक्रमातून बाहेर राहणार असेल तर आपण तिला आधार देतो असं म्हणायचं तोंड उरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. तो ठराव मी छापून पिशवीत ठेवते.

त्या कार्यक्रमाला येण्यासाठी बघणाऱ्या बाईच्या घरी आमचं माणूस जाऊन बसतं. ही अट आम्ही स्वतःला घातली आहे. नाहीतर जिला खरंच यायला हवं तीच येऊ शकत नाही. तिथे कुणी भाषण करत नाही. बायका गोल बसतात, चहा होतो, मग एखादी सुरू करते. राग येतो, म्हातारीवर हात उचलावासा वाटला, मग रात्रभर रडले. हे ऐकून दुसरी म्हणते, मला पण. एवढ्या दोन शब्दांनी खांद्यावरचं ओझं किती उतरतं ते मी पाहिलंय.

गणपतीत पडद्यावर सिनेमा दाखवायची चाल अजून काही गावांत आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ त्यासाठी चांगला, स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांची आणि त्यांना सांभाळणाऱ्यांची गोष्ट. त्याच दोघांच्या ‘देवराई’मध्ये स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याची बहीण आहे. ‘देवराई’च्या मागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक. पत्नीच्या आजारात त्यांनी स्वतः बघणारं माणूस म्हणून आयुष्य काढलं आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, जिथे रुग्णांचे आणि नातेवाइकांचे स्वमदत गट चालतात. मनाच्या आजारात पाठीला जखमा होत नाहीत, म्हणून शेजाऱ्यांना काही दिसत नाही आणि घरचा माणूस आणखी एकटा पडतो.

स्मृतिभ्रंशाला गावाकडे म्हातारचळ म्हणून सोडून देतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजाने साठ वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना हा आजार आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचं प्रमाण जास्त आहे. संध्याकाळ झाली की मुठा खोऱ्यातली एक आजी पिशवी घेऊन माहेरी निघायची. सून अडवायची, आजी ओरडायची, रोज. सुनेला एवढंच सांगितलं की वाद घालायचा नाही. आई वारल्या, माहेर उरलं नाही, हे पटवून द्यायला जाऊ नका. तिला ते दुःख दर संध्याकाळी नव्याने होतं. दिवे लागायच्या आधी तिच्यापुढे सुपात तांदूळ ठेवा निवडायला. माहेरी काय काय पिकायचं ते विचारा. आजी निवडते, बोलते, बहुतेक दिवशी निघायचं विसरते.

सरकारी दारं कोणती हेही बघणाऱ्याला माहीत हवं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून एअर बेड, चाकाची खुर्ची, घराच्या दारात उतार होऊ शकतो. ग्रामसभेत अर्ज देऊन तो मागायचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहू भत्त्याचाही उल्लेख आहे. कायद्यात आलंय म्हणजे हातात आलं असं नाही, पण मागणी करायला आधार आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामांत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा धरलेली आहे. ‘आशा’ताईला अंथरुणावरच्या रुग्णाची नोंद द्या, पण तिच्या डोक्यावर आधीच किती कामं आहेत हे लक्षात ठेवून बोला. आणि कॅन्सरच्या वेदना सोसायच्या नसतात. त्यावर मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. २०१४ मध्ये कायदा बदलून त्या मिळणं सोपं करण्यात आलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे, तिथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं आणि सेवा शिकून घरी जातं, पैसे घेत नाहीत. गावातून पुण्याला येणाऱ्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाच्या घरी ही माहिती पोचायला हवी.

आमच्या डोंगरी भागात सगळ्यांत अवघड दिवस आषाढातले. आवणीला, म्हणजे भातलावणीला, घरातलं हातपाय चालणारं प्रत्येक माणूस खाचरात उतरतं. भाताचं रोप थांबत नाही, आणि खाटेवरचा माणूसही थांबत नाही. त्या दिवसांत बघणारी बाई पहाटे त्याचं सगळं आवरून चिखलात जाते, दुपारी धावत येते, परत जाते. कितीतरी पाठीच्या जखमा आम्हाला श्रावणात दिसतात त्या या पंधरवड्यातल्या असतात. म्हणून यंदा मंडळाने ठरवलंय की पेठेत कामाला असलेल्या, त्याच गावांतल्या मुलांना आवणीत पाळीपाळीने सुट्टी मिळावी, यासाठी दुकानदारांशी आधीच बोलायचं. शाळांची गर्दी तोवर ओसरलेली असते. काही दुकानदारांनी होकार दिलाय, काहींशी बोलणं चालू आहे. मुलांचं भरवण्याचं आणि उचलण्याचं शिकून झालंय. बायकांच्या तुकडीचं वेल्ह्यात होईल, आवणी सुरू व्हायच्या आत. वहीत ‘बघणारं माणूस’ या रकान्याशेजारी आता आणखी एक रकाना आखलाय, ‘बदली माणूस’. तो अजून पुष्कळ रिकामा आहे. ज्यांचं गाव पानशेत-वेल्हे-मुळशीकडे आहे आणि ज्यांना आठवड्यातून दोन तास काढता येतील, त्यांनी आपल्या पेठेतल्या मंडळाच्या साहित्य केंद्रात जाऊन नाव द्यावं. तिथे असा रकाना नसेल तर आखून घ्यावा.